विशारद झालं की मास्तर?

मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावात पेटीवाल्याची कदर होते, भजनाला मानानं बोलावतात. पण घरातलं पोरगं ‘संगीत शिक्षक होतो’ म्हणालं, की पहिला सवाल येतो, ‘त्यात पोट भरते काय?’ आणि मग ऐकीव माहिती सुरू होते.

‘विशारद झालं की सरकारी नोकरी पक्की.’ तसं नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा होतात, पण जिल्हा परिषदेच्या शाळांत संगीताचं स्वतंत्र पद सहसा नसतंच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असलेल्या शाळेला कला शिक्षणासाठी निदेशक सांगितला आहे. तोही अंशकालीन, आणि कलेत चित्रकलाही आली. पूर्णवेळ पदं केंद्रीय विद्यालयांत आणि नवोदयमध्ये असतात. केंद्रीय विद्यालयाला संगीताची पदवी लागते, नवोदयला बारावीनंतरचं विशारदही चालत आलं आहे. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.ला 55 टक्के आणि नेट किंवा सेट.

‘गाता येतं त्याला शिकवताही येतं’, हा मला सर्वांत घातक वाटणारा समज. पट्टीचंच, म्हणजे गाण्यासाठी धरलेल्या मूळ स्वराचंच पाहा. मुलींना साधारण पेटीची काळी चार-पाच सोयीची, म्हणून अख्खा वर्ग त्याच पट्टीत गातो. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो, वरचा षड्ज लागेनासा होतो आणि मास्तर म्हणतात, ‘रियाज कमी पडतो.’ खरं तर त्याला खाली, काळी एकच्या आसपास आणायचं असतं. नुसतं मंचावर गाऊन हे कळत नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा शिक्षक घडवायला वेगळा ‘उपदेशक वर्ग’ ठेवला तो उगाच नाही.

‘क्लास म्हणजे रिकामपणचा उद्योग’ असंही म्हणतात. बहुतेक संगीत शिक्षकांचं घर मात्र क्लासवरच चालतं. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, म्हणून मुलं येतात. दहावी झाली की त्यातली बरीच गळतात, हेही धरून चालावं.

तेव्हा पोरांनो, विशारद जरूर करा, पण त्याच्या भरवशावर पदवी सोडू नका. अमरावती विद्यापीठाच्या बी.ए.ला संगीत विषय घेता येतो.