एकत्रित निविदांचा निवाडा

सरकारी कामाचा मक्ता सर्वांत कमी दर देणाऱ्याकडे जावा हा दंडक इतका रूढ झाला आहे, की तो अक्षरशः पाळल्याने कधी कधी तिजोरीचे नुकसानच होते असे कोणी म्हटले, तर सुज्ञ माणसालाही ते चटकन पटत नाही. चिली देशातील शालेय भोजनाच्या मक्त्यांकडे पाहिले म्हणजे त्यातील मर्म ध्यानी येते. गरीब घरांतील सुमारे १३ लाख विद्यार्थ्यांच्या भोजनावर तेथील सरकार वर्षाकाठी सुमारे १८ कोटी डॉलर खर्च करीत असे. या कामासाठी देशाचे प्रादेशिक विभाग पाडलेले असून, ठेकेदारांना अनेक विभाग मिळून एकच मोहोरबंद निविदा भरण्याचीही मुभा मिळाली. कारण लगतचे विभाग एका हाती आले, की गुदामे, वाहने आणि खरेदी यांच्या खर्चात बचत होते. अट एवढीच, की अशी निविदा घ्यायची तर सबंध घ्यायची.

सारी गोम या अटीत आहे. समजा, उत्तर, मध्य व दक्षिण असे तीनच विभाग आहेत. त्यांचे सुटे दर अनुक्रमे ६०, ४० व ३६. उत्तर-मध्य मिळून ७२, मध्य-दक्षिण मिळून ६८ आणि तिन्ही मिळून ११२. विभागामागे अवघा ३४ दर पडणारी मध्य-दक्षिणची निविदा सर्वांत स्वस्त खरी. पण ती मंजूर केली, की उत्तरेसाठी ६० मोजण्यावाचून गत्यंतर उरत नाही आणि बेरीज १२८ वर जाते. उलट उत्तर-मध्य व सुटी दक्षिण घेतल्यास १०८ मध्ये काम भागते.

तीन विभागांचा हा हिशेब बोटांवर होतो. वीस विभागांचे मात्र १०,४८,५७५ गट संभवतात, आणि शंभर निविदांपैकी कोणत्या घ्याव्या याचे प्रकार मोजू गेल्यास एकतीस अंकी संख्या येते. गणितज्ञांनी हा प्रश्न ज्या दुर्घट प्रश्नांच्या वर्गात घातला आहे, त्यांना सर्व प्रसंगी झटपट सोडविणारी रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही.

तरीही निवाडा होतो, तो शाखा छाटीत जाणाऱ्या रीतीने. एखादी निविदा मंजूर धरून एक शाखा, नामंजूर धरून दुसरी, असा विस्तार करीत जाताना, प्रत्येक शाखेवर निविदेचा अर्धा-पाव हिस्साही घेता येईल असे तात्पुरते गृहीत धरतात. या सवलतीने हिशेब सोपा होतो, आणि येणारा आकडा त्या शाखेतील खऱ्या किमान खर्चाहून कधीही जास्त नसतो. म्हणून एवढी सवलत देऊनही ज्या शाखेचा खर्च हाती आलेल्या उत्तम वाटणीखाली उतरत नाही, ती शाखा तिच्यातील असंख्य पर्यायांसह न तपासता टाकून देता येते.

माझ्या मते या रीतीचे खरे मोल न्यायाच्या बाजूने आहे. ३४ चा दर देऊनही रिकाम्या हाताने परतणाऱ्या ठेकेदाराला कारण विचारण्याचा हक्क आहे, आणि त्याची निविदा धरून १२८ हून स्वस्त वाटणी संभवतच नाही, हे त्याच्यापुढे कागदावर सिद्ध करता येते. चिलीतील या पद्धतीचे वर्णन राफाएल एप्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा वार्षिक बचत सुमारे ४ कोटी डॉलर असल्याचे त्यांनी नोंदविले. तेवढ्या रकमेत ३ लाख मुलांचे वर्षभराचे भोजन होत होते.