नभोवाणी, १९२७ मधील

नभोवाणीच्या इतिहासातील एक महत्त्वाचे वर्ष. प्रक्षेपणाचा खर्च कोणी सोसावयाचा व त्यावर नियंत्रण कोणाचे असावयाचे, या प्रश्नांना प्रमुख देशांनी दिलेली भिन्न उत्तरे या वर्षी कायद्याने निश्चित झाली. भारतातील संघटित प्रक्षेपणाचा प्रारंभही याच वर्षी झाला.

जागतिक घडामोडी : ग्रेट ब्रिटनमध्ये संचांच्या उत्पादकांनी १९२२ साली स्थापिलेल्या ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीची जागा १ जानेवारी १९२७ रोजी राजसनदेन्वये अस्तित्वात आलेल्या सार्वजनिक निगमाने (बीबीसी) घेतली. श्रोत्यांचे परवाना शुल्क हे त्याच्या उत्पन्नाचे मुख्य साधन होते. जाहिरातींना त्यात स्थान नव्हते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत केंद्रे बहुतांशी खाजगी मालकीचीच राहिली व पुढे जाहिरातींच्या उत्पन्नावर पोसली गेली. तथापि अनेक केंद्रे स्वेच्छेने तरंगलांबी निवडू लागल्यामुळे एकाचे प्रक्षेपण दुसऱ्यात मिसळून गोंधळ माजला होता. त्यास आळा घालण्यासाठी २३ फेब्रुवारी १९२७ रोजी रेडिओ अधिनियम संमत होऊन फेडरल रेडिओ कमिशन नेमण्यात आले. नेदर्लंड्समध्ये आइंटहोव्हन येथील फिलिप्सच्या प्रेषकावरून मार्चमध्ये सुरू झालेले लघुतरंग प्रक्षेपण डच ईस्ट इंडीजपर्यंत ऐकू जाऊ लागले. वर्षाच्या अखेरीस वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत विविध सेवांसाठी कंप्रतापट्टे वाटून देण्यात आले.

भारत : मुंबई व कलकत्ता येथील रेडिओ क्लबांनी १९२३ पासून आणि मद्रास येथील क्लबाने १९२४ पासून अल्पशक्तीच्या प्रेषकांवरून हौशी स्वरूपाचे प्रक्षेपण चालविले होते. नियमित सेवेसाठी सरकारने इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी संस्थेशी १९२६ मध्ये करार केला. तिच्या मुंबई केंद्राचे उद्‌घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांच्या हस्ते झाले. देशातील दूरदूरची अंतरे व विस्तीर्ण प्रदेश यांमुळे नभोवाणीस येथे मोठा वाव असल्याचे मत त्यांनी त्या प्रसंगी व्यक्त केले. कलकत्ता केंद्र २६ ऑगस्ट रोजी सुरू झाले. कार्यक्रमांची माहिती देणारे इंडियन रेडिओ टाइम्स हे नियतकालिकही जुलैमध्येच निघू लागले.

प्रत्यक्षात या केंद्रांची पोच अल्प होती. दोन्ही प्रेषकांची शक्ती प्रत्येकी १·५ किलोवॅट होती. त्या काळच्या स्वस्त स्फटिक संचात संदेशाचे विवर्धन होत नसे. येणाऱ्या तरंगांच्या ऊर्जेवरच कानाला लावलेला ध्वनिग्राहक चाले. त्यामुळे अशा संचावर सु. ४८ किमी. पलीकडे कार्यक्रम नीट ऐकू येत नसत. दूरच्या श्रोत्यास निर्वात नलिकांचा महागडा संच घ्यावा लागे. शिवाय कार्यक्रमांचा रोख मुख्यतः युरोपीय रहिवासी व पाश्चात्त्य वळणाचे नागरी भारतीय यांच्याकडे होता. ग्रामीण जनता या सेवेबाहेरच राहिली.

कंपनीचे अर्थकारणही दुबळ्या पायावर उभे होते. तिचे जमा झालेले भांडवल सु. ६ लाख रु. होते व त्यापैकी सु. ४·५ लाख रु. दोन केंद्रांच्या उभारणीतच खर्च झाले. परवान्याचे वार्षिक शुल्क १० रु. असून त्यातील ८० टक्के रक्कम कंपनीस मिळे. याखेरीज आयात केलेल्या संचांच्या किंमतीवर १० टक्के आकार तिला मिळावयाचा होता. १९२७ अखेर परवान्यांची संख्या ३,५९४ होती. म्हणजे शुल्कातील कंपनीचा वाटा वर्षाला २९,००० रुपयांहूनही कमी होता. उलट दोन केंद्रांचा खर्च महिन्यालाच सु. ३३,००० रु. होता. परवाना न काढता ऐकणाऱ्यांमुळेही उत्पन्न बुडे. ब्रिटनमधील शुल्कपद्धती असंख्य श्रोत्यांमुळे यशस्वी झाली. श्रोतृवर्गच तयार नसलेल्या देशात तिच्यावर खाजगी कंपनी तगणे अशक्य होते.

परिणाम : १ मार्च १९३० रोजी कंपनीचे विसर्जन सुरू झाले व १ एप्रिलपासून सरकारने इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस या नावाने केंद्रे आपल्याकडे घेतली. काटकसरीसाठी ती बंद करण्याचा ऑक्टोबर १९३१ मधील निर्णय लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. ८ जून १९३६ रोजी या सेवेस ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. अशा रीतीने भारतातील नभोवाणीवरील शासकीय नियंत्रणाचा उगम केवळ धोरणात नसून १९२७ मधील खाजगी प्रयोगाच्या अपयशातही आहे. कंपनीच्या मालकीचे केंद्र देशात पुन्हा सुरू झाले ते २००१ मध्ये, बंगळूर येथे. मुंबई केंद्राच्या उद्‌घाटनाच्या स्मरणार्थ २३ जुलै हा राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळला जातो.