पैसा येतो, पण वेळेवर येत नाही

कमी पगारात घर चालवणाऱ्यांना द्यायचे सल्ले आपल्याकडे तयारच असतात. खर्च कमी करा, बचत करा, मोबाईलवर पैसे उडवू नका. इंदूरमध्ये आमच्या बिल्डिंगमधल्या चार घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशींसोबत बसून मी त्यांच्या घराचा वर्षाचा हिशोब मांडला. त्यात उडवलेला पैसा शोधून सापडला नाही. दिसलं ते वेगळंच. त्यांच्या परवानगीने ते आकडे इथे देतोय.

मावशी मूळच्या बऱ्हाणपूरकडच्या. घरात चार माणसं, दोन मुलं शाळेत. चार घरांचे मिळून मावशींना महिन्याला ११,२०० रुपये मिळतात. काका रंगकाम करतात, रोज ६०० रुपये. कोरड्या दिवसांत महिन्याला अठराएक दिवस काम मिळतं, म्हणजे १०,८००. दोघांचे मिळून २२,०००. रेशनचं धान्य माणशी ५ किलो मोफत मिळतं, ते धरून खोलीभाडं, किराणा, दूध, गॅस, लाईट, ट्यूशन आणि दवापाणी यांचा खर्च १९,५००. म्हणजे महिन्याला अडीच हजार शिल्लक. आठ महिन्यांचे २०,००० होतात.

मग पावसाळा येतो. ओल्या भिंतीला रंग लागत नाही. काकांचं काम महिन्याला आठ दिवसांवर येतं आणि घरात दर महिन्याला साडेतीन हजार कमी पडतात. चार महिन्यांचे १४,०००. त्यातच जूनमध्ये वह्या-पुस्तकं, गणवेश आणि फी, आणखी ६,०००. बेरीज करा: बरोबर २०,०००. वर्षाचा हिशोब रुपयाला रुपया जुळतो.

तरीही दर जुलैत त्यांना कर्ज काढावं लागतं. एक तर हातात असलेली शिल्लक कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण यात आधीच जाते. दुसरं कारण आपल्याशी संबंधित आहे. मे महिन्यात आपण पुण्या-मुंबईकडे सुट्टीला जातो. चारपैकी दोन घरं पंधरा-पंधरा दिवस बंद होती आणि त्यांनी अर्धा पगार कापला. गेले २,८०० रुपये, तेही शाळा उघडायच्या आणि पाऊस लागायच्या तोंडावर.

“दादा, पैसा येतो, पण पाहिजे तेव्हा येत नाही,” मावशी म्हणाल्या. या एका वाक्यात सगळं आलं.

मागच्या जुलैत त्यांनी रोज वसुली करणाऱ्या एकाकडून १०,००० घेतले. हातात आले ९,०००. दुसऱ्या दिवसापासून रोज १०० रुपये, असे १०० दिवस. ऐकायला वाटतं, हजारच रुपये तर जास्त द्यायचे. पण कर्ज रोज फिटत जातं, त्यामुळे पूर्ण मुदतीचा विचार केला तर सरासरी निम्मीच रक्कम आपल्याजवळ राहते. नीट गणित केलं तर व्याजाचा दर वर्षाला ७७ टक्क्यांच्या वर जातो. आपल्या गृहकर्जाचा दर आठवून बघा. शिवाय महिन्याला ३,००० रुपयांची ही वसुली भर पावसाळ्यात, काम नसतानाच होते.

हिशोब समोर आल्यावर दोन गोष्टी केल्या. आपण जिला भिशी म्हणतो आणि इथे बीसी म्हणतात, ती ओळखीच्या बारा बायकांची सुरू झाली. महिन्याला हजार रुपये. चिठ्ठी न काढता गरजेप्रमाणे नंबर ठरवले आणि मावशींना जूनचा मिळाला. बिनव्याजी १२,००० रुपये, नेमके हवे तेव्हा. अर्थात, हा सगळा विश्वासाचा कारभार आहे, त्यामुळे अनोळखी माणसाच्या किंवा जादा परताव्याच्या बीसीत पडू नये.

दुसरी गोष्ट विम्याची. काका उंचावर काम करतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. १८ ते ७० वयाच्या कुणालाही बँक खात्यातून ते घेता येतं. हप्ता ३१ मेच्या सुमारास कापला जातो, तेव्हा खात्यात पैसे असले पाहिजेत, एवढंच.

आता आपल्या वाट्याचं काम. घरकामाचा पगार ठरलेल्या तारखेला द्या. आपण गावाला गेलो म्हणून तो कापू नका. सुट्टी आपण घेतलेली असते, त्यांनी नाही. पावसाळ्याआधी दोन-तीन हजार उचल देऊन ती दिवाळीनंतर महिना ५०० ने वळती करता येते. आपल्या महिन्याच्या बजेटमध्ये हा फरक जाणवतही नाही. त्यांच्या घरी मात्र त्यामुळे रोज शंभर रुपये मागायला दारात येणारा माणूस टळतो.

यंदा मे महिन्यात तिकीट काढाल, तेव्हा मावशींचा पूर्ण पगार निघण्याआधी देऊन जा.