होटगीची शेते आणि गावचे दफ्तर : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

सोलापूर शहरापासून सुमारे १५ किलोमीटरांवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात वसलेले होटगी बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ते बहुधा रेल्वेच्या जंक्शनामुळे. मुंबईहून वाडीमार्गे दक्षिणेकडे जाणाऱ्या लोहमार्गापासून विजापूर-गदगचा फाटा येथेच वेगळा होतो. परंतु गावाचा खरा आधार लोहमार्ग नव्हे, तर त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली शेतजमीन आहे. घराघरांतून मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषा नांदविणाऱ्या ह्या प्रदेशातील शेतकऱ्याने उत्तरा-हस्ताच्या पावसावर भरवसा ठेवून पिढ्यान्‌पिढ्या रब्बीची ज्वारी पिकविली. त्याच प्रदेशात आता सिमेंटचा कारखाना आहे, फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात १,३२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे, आणि शहराची वस्ती होटगी रस्त्याने गावाच्या दिशेने सरकत आहे. अशा वेळी जी शेतजमीन शिल्लक आहे ती शेतीसाठीच राहते की नाही, आणि राहिलीच तर तिच्यात काय पिकते, ह्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न विचारला की बहुतेक सुशिक्षित माणसे निःशंकपणे ‘कलेक्टर कचेरीची’ असे उत्तर देतात. हा पहिला गैरसमज, आणि माझ्या मते बाकीचे सारे त्याच्यातूनच उगवलेले आहेत.

ह्या उत्तरात सत्याचा अंश नाही असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ४२ ने शेतजमिनीचा बिगरशेती वापर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशी बांधला, आणि विनापरवाना वापर झाल्यास काय करावयाचे हे कलम ४५ मध्ये सांगितले आहे. नंतरच्या दुरुस्त्यांनी ही गाठ बरीच सैल झाली असून, विकास आराखड्यात आलेल्या जमिनींना वेगळ्या परवानगीची गरज पूर्वीसारखी उरलेली नाही. परंतु आराखड्याबाहेरच्या शिवारात मूळ तत्त्व कायम आहे. तथापि परवानगी देण्याचा अधिकार ही एक गोष्ट आणि जमिनीवर प्रत्यक्ष काय चालले आहे ह्याचे ज्ञान ही अगदी निराळी गोष्ट. ते ज्ञान वरून खाली येत नाही, खालूनच वर जाते; आणि ज्या कागदांवरून ते वर जाते ते गावच्या दफ्तरात असतात.

ह्या दफ्तराला जवळजवळ दोन शतकांचा इतिहास आहे. सोलापूर जिल्ह्याला लागूनच असलेल्या इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या अधिकाऱ्यांनी शेतवार मोजणी करून आकारणीची जी पद्धत बसविली, तीच पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. प्रत्येक शेताला नंबर, हद्दीला निशाणी आणि जमिनीला प्रतवारी मिळाली. १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा आला. कुळकर्णी वतन १९५१ मध्ये संपुष्टात आले, महसुली पाटीलकी १९६३ च्या आरंभी गेली, आणि दफ्तर पगारी तलाठ्याच्या स्वाधीन झाले. त्याचे नाव अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, पण लोक त्याला अजून तलाठीच म्हणतात. ह्या दफ्तरात १ ते २१ असे गाव नमुने आहेत. लोकांना त्यांपैकी सात आणि बारा एवढेच माहीत असतात; परंतु अकृषिक जमिनींची नोंद नमुना २ मध्ये, इनामी म्हणजे दुमाला जमिनींची नमुना ३ मध्ये, सरकारी जमिनींची १-ब मध्ये आणि अतिक्रमणांची १-इ मध्ये असते, हे ज्याला ठाऊक झाले त्याला आपल्या गावच्या जमिनीचे काय होत आहे हे एका दुपारी समजू शकते.

दुसरा गैरसमज सातबाऱ्याविषयीचा. उतारा हाती असला म्हणजे मालकी सिद्ध झाली, अशी समजूत इतकी दृढ आहे की खरेदीखत न वाचता माणसे उताऱ्यावर विसंबून आयुष्याची पुंजी गुंतवितात. वस्तुस्थिती अशी की, संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची असते, इतकेच. ती मालकी निर्माण करीत नाही. मालकी खरेदीखताने, वारसाने, वाटणीने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने येते, आणि नोंद तिच्या मागोमाग येते. म्हणूनच ‘सातबाऱ्यावर नाव लागले, आता काय वाटेल ते करा’ हे विधान दुहेरी चुकीचे आहे: नावाने मालकी अबाधित होत नाही, आणि मालकी असली तरी वापर मोकळा होत नाही. शेतातले घर, गोठा, विहीर, खळे ह्यांसाठी सामान्यतः अकृषिक परवानगी लागत नाही. मंगल कार्यालय, गोदाम वा विटांची भट्टी ही मात्र त्यात मोडत नाहीत.

आता त्या जोड-उताऱ्यातील खालच्या भागाकडे, म्हणजे गाव नमुना १२ कडे, जरा सावकाश पाहावयास हवे, कारण त्याच्याइतका उपेक्षित आणि त्याच्याइतका महत्त्वाचा कागद दफ्तरात दुसरा नाही. नमुना सात जमीन कोणाची हे सांगतो. नमुना बारा त्या जमिनीचे काय केले हे सांगतो. हंगाम कोणता, पीक कोणते, क्षेत्र किती, पाणी मिळाले की नाही, मिळाले तर कशाने, पडीक किती, हे सारे त्यात वर्षानुवर्षे लिहिले जाते. ह्या पीकपाहणीविषयी सार्वत्रिक समज असा की, तो तलाठ्याने चावडीत बसून भरावयाचा रकाना आहे आणि खातेदाराचा त्याच्याशी संबंध नाही. व्यवहारात अनेक ठिकाणी तसे घडतही आले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु नियमांना अभिप्रेत होते ते वेगळेच. पीक उभे असताना तलाठ्याने गावाला आगाऊ सूचना देऊन शिवारात जावे, खातेदार, सरपंच आणि पंचायतीचे सदस्य ह्यांनी सोबत असावे, आणि जे डोळ्यांना दिसते तेच लिहावे. म्हणजे पाहणी हे कायद्याच्या कल्पनेतच गावाने मिळून करावयाचे काम होते; ते एकट्या कारकुनाचे झाले ते गाव शिवारात गेले नाही म्हणून.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने आपल्या बांधावर उभे राहून मोबाइलवर छायाचित्रासह नोंद करावी अशी व्यवस्था आली. तिच्यामागोमाग नवा गैरसमजही आला: आता शेतकरी लिहील तेच अंतिम. तसे नाही. नोंदींपैकी एका हिश्श्याची, मूळ योजनेप्रमाणे १० टक्क्यांची, तपासणी तलाठ्याने करावयाची असते, आणि चुकीची नोंद दुरुस्त होऊ शकते. ज्यांनी नोंदच केली नाही त्यांना मात्र दोष द्यावयाला कोणी उरत नाही. आणि नोंद न करणारे थोडे नाहीत, कारण ह्या रकान्यावर काय काय टांगलेले आहे ह्याची कल्पना फार थोड्यांना असते. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची नुकसानभरपाई, आधारभूत किमतीने विक्री ह्या गोष्टी निदान ऐकिवात आहेत. परंतु २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम १० किती जणांना ठाऊक आहे? सिंचित आणि वर्षातून एकाहून अधिक पिके देणारी जमीन अगदी शेवटचा उपाय म्हणूनच संपादावी, आणि संपादिलीच तर तितकीच लागवडयोग्य पडीक जमीन शेतीखाली आणावी किंवा तिच्या किमतीइतकी रक्कम शेतीच्या सुधारणेसाठी द्यावी, असे ते सांगते. लोहमार्ग, महामार्ग, कालवे ह्यांसारख्या रेषेने जाणाऱ्या प्रकल्पांना ते लागू नाही, आणि महाराष्ट्राने पुढे केलेल्या दुरुस्तीने काही प्रकल्पांना आणखी सूट देण्याची वाट मोकळी झाली. तरीही देशाच्या कायद्यात शेतजमीन राखण्यासाठी म्हणून लिहिलेले असे स्पष्ट शब्द विरळाच. आता प्रश्न असा की, एखादी जमीन सिंचित आहे आणि दुपिकी आहे हे ठरणार कशावरून? विहिरीला पाणी आहे, ज्वारीपाठोपाठ दुसरे पीकही निघते, पण बाराव्या नमुन्यात दहा वर्षे ‘पडीक’ किंवा नुसतीच ‘ज्वारी, अजलसिंचित’ असे लिहिलेले आहे, तर त्या कुटुंबाने आपल्या शेताचे संरक्षण संपादनाची अधिसूचना येण्याच्या कितीतरी आधीच, स्वतःच्या नकळत, अर्धे गमाविलेले असते. कारखाने आणि वीज केंद्रे जवळ येऊन ठेपलेल्या होटगीसारख्या गावाला ह्याहून निकडीची दुसरी बाब मला दिसत नाही.

गायरानाविषयीचे गैरसमज परस्परविरोधी आहेत आणि दोन्ही तितकेच घातक आहेत. एक पक्ष म्हणतो, गायरान ग्रामपंचायतीच्या मालकीचे, तेव्हा पंचायत ठराव करील त्याला ते मिळेल. दुसरा म्हणतो, गायरान कोणाचेच नाही, तेव्हा जो आधी कुंपण घालील त्याचे. वस्तुस्थिती अशी की, गुरचरणासारख्या कामांसाठी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार संहितेच्या कलम २२ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५१ खाली अशी जमीन पंचायतीकडे निहित होते ती व्यवस्थेसाठी आणि शर्तींसह, विकण्यासाठी नव्हे. आणि कलम ५३ ने अतिक्रमण दूर करण्याचा अधिकारही पंचायतीलाच दिलेला आहे. पंजाबातील पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात, जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य ह्या प्रकरणी, २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याच्या योजना आखण्यास सर्व राज्यांना सांगितले. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ चा निर्णय काढला. तेव्हा गायरानाचा पहिला राखणदार मंत्रालयात बसत नाही. भूमिहीन आणि दलित कुटुंबे दीर्घकाळ कसून खात असलेल्या गायरानाचा प्रश्न मात्र निराळा आहे. त्यांची वहिवाट ठरावीक मुदतीपूर्वीची असल्यास ती नियमानुकूल करण्याची धोरणे शासनाने वेळोवेळी आखलेली आहेत, आणि त्या कुटुंबांना गोदामे बांधणाऱ्यांच्या पंक्तीला बसविणे हा सरळ अन्याय होय.

इनामी आणि ‘भोगवटादार वर्ग २’ च्या जमिनींविषयी थोडक्यात सांगतो. ह्या जमिनी कमअस्सल नाहीत. त्यांच्या हस्तांतरणावर शर्त आहे, इतकाच भेद. १९५८ च्या कायद्याने महार वतने आणि इतर कनिष्ठ ग्रामवतने खालसा होऊन त्या जमिनी नव्या व अविभाज्य शर्तीवर पूर्वीच्या वतनदारांना परत मिळाल्या. ती शर्त जाच म्हणून घातलेली नसून, गरजेपोटी कवडीमोलाने जमीन हातची जाऊ नये म्हणून घातलेली होती. देवस्थानाची इनामी जमीन पुजाऱ्याची किंवा विश्वस्ताची खासगी मिळकत नसते, हेही येथेच सांगावयास हवे.

तुकडेबंदीचे म्हणाल, तर १९४७ च्या कायद्याप्रमाणे ठरविलेले प्रमाणभूत क्षेत्र ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीस २० गुंठे आणि बागायतीस १० गुंठे असे आले. शहराभोवतीच्या रस्त्यांवर नोटरीच्या कागदावर जे गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार होतात, त्यांतील कागदाने शेतजमिनीची मालकी जात नाही. नोटरी सह्यांची साक्ष ठेवतो, दस्त नोंदवीत नाही.

देखरेख गावाच्या हाती दिली तर ती वशिल्याने बुडेल, हा आक्षेप मी हलका मानीत नाही. परंतु जपानचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. युद्धोत्तर भूसुधारणेनंतर तेथे १९५१ च्या कायद्याने गावोगावी कृषी समित्या स्थापन झाल्या, आणि १९५२ च्या शेतजमीन कायद्याखाली शेतीच्या विक्रीचा वा वापर बदलण्याचा अर्ज आधी त्या समितीपुढे येतो. त्या समित्यांवरही टीका झाली, पुढे त्यांची रचना बदलली. पण अर्जदाराच्या शेजाऱ्यांना ठाऊक नसताना शेत नाहीसे होणे तेथे अवघड झाले. आपल्याकडे अशी समिती नसली, तरी तिचे बीज चावडीवाचनात आहे. संगणकीकृत सातबारा बिनचूक व्हावा म्हणून २०१७ मध्ये राज्यभर गावागावांत उतारे मोठ्याने वाचले गेले, तेव्हा मेलेल्या माणसांची नावे, चुकलेली क्षेत्रे आणि विसरलेल्या बोज्यांच्या नोंदी लोकांनी जागच्या जागी दाखवून दिल्या. असे वाचन दरवर्षी व्हावे आणि त्यात बारावा नमुना, १-इ आणि नमुना २ ह्यांचाही समावेश व्हावा, अशी मागणी ग्रामसभेने करावयास कोणतीही आडकाठी नाही.

राहिला शेवटचा गैरसमज: दुसऱ्याच्या फेरफाराशी आपला काय संबंध, आणि तलाठी आपले ऐकणार कशाला? हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावयाचे असते. तलाठी नमुना ६ मध्ये फेरफार धरतो, त्याची प्रत चावडीत लावतो, हितसंबंधितांना नोटीस देतो, आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत कायद्याने तोंडी किंवा लेखी, कशीही नोंदविता येते. तरी ती शक्यतो लेखी द्यावी आणि तिची पोच मागून घ्यावी, कारण कलम १५० प्रमाणे पोच देणे आणि ती हरकत विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे ६-अ मध्ये, चढविणे हे तलाठ्याचे कर्तव्य आहे. त्या नोंदवहीतील प्रकरण शक्य तोवर एका वर्षात निकाली काढावयाचे असते, तोपर्यंत तो फेरफार मंडळ अधिकाऱ्याने नित्याप्रमाणे प्रमाणित करावयाचा नसतो, आणि निकाल मान्य नसल्यास प्रांताकडे अपील करता येते.