कृत्रिम सांधा आणि जंतूंचा धोका

पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी २००० साली दिल्लीहून मुंबईस आले आणि डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा बदलला. पुढच्या वर्षी उजवाही बदलण्यात आला आणि ही शस्त्रक्रिया घरोघरी चर्चेचा विषय झाली. परंतु धातूच्या सांध्याला रक्तपुरवठा नसतो. त्यावर जंतू बसले, की स्वतःभोवती चिकट पापुद्रा तयार करतात. तो औषधांना दाद देत नाही आणि पुष्कळदा बसविलेला सांधाच काढावा लागतो. म्हणून प्रतिबंध हाच खरा उपाय. इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी शस्त्रक्रियागृहातील हवा गाळून व इतर दक्षता घेऊन जंतुदोषाचे प्रमाण शेकडा सातांवरून एकाच्याही खाली आणले. रुग्णानेही आधी मधुमेह आटोक्यात आणावा, दात व त्वचा निरोगी करून घ्यावी. पुढे कित्येक वर्षांनीही पायाची चिघळलेली जखम क्षुल्लक मानू नये. तेथील जंतू रक्तावाटे सांध्यापर्यंत पोहोचू शकतात.