डोळ्याचें माप, ज्याचें त्यानें

परभणी जिल्ह्यांतील गोदाकांठच्या एका शाळेंत मीं अनेक वर्षें शिकविलें. त्या काळांतील एक चूक मला अजून बोंचते. चौथींतला एक मुलगा फळ्यावरचें गणित नेहमीं चुकीचें उतरवून घेई. मीं त्यास आळशी ठरविलें. प्रसंगीं छडीही दिली. दोन वर्षांनीं तो चष्मा लावून भेटावयास आला आणि "गुरुजी, आतां फळा दिसतो," एवढेंच म्हणाला. दोष त्याच्या बुद्धींत नव्हता, डोळ्यांत होता. आणि तो मोजण्याचें साधन आमच्या गांवीं नव्हतें. असें साधन खेड्यापर्यंत नेण्याचा एक प्रयत्न मी आज सांगणार आहें.

डोळ्याचें भिंग बाहेरून आलेला प्रकाश आंतील पडद्यावर एकत्र आणतें. लांबचें अंधुक दिसणाऱ्या माणसाचे किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात. ही चूक मोजणारें एक प्रकारचें यंत्र डोळ्यांत प्रकाशाचा बारीक ठिपका सोडतें, पडद्यावरून परतणारा प्रकाश चिमुकल्या भिंगांच्या जाळींतून घेतें, आणि तो कोठें किती वळला यावरून नंबर काढतें. काम चोख, परंतु यंत्र महाग.

आमची गोदावरी ज्या नाशिककडून येते, तेथेंच प्रा. रमेश रासकर यांचा 1970 सालीं जन्म झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून ते अमेरिकेस गेले. 2002 सालीं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनीं मिळविली, कांहीं काळ मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेंत संशोधन केलें, आणि 2008 पासून ते एमआयटीच्या मीडिया लॅबमध्यें अध्यापन करूं लागले. मूळ अभ्यास संगणकाचा व चित्रांचा. त्यांतूनच ते डोळ्याकडे वळले.

विटर पॅम्प्लोना, अंकित मोहन व मॅन्युएल ऑलिव्हेरा या सहकाऱ्यांसह 2010 सालीं त्यांनीं 'नेत्रा' हें साधन मांडलें. युक्ति एवढीच, कीं मघांच्या यंत्राची वाट त्यांनीं उलटी केली. प्रकाश डोळ्यांतून बाहेर काढून मोजण्याऐवजीं तो मोबाइलच्या पडद्यावरून आंत सोडावयाचा. पडद्यावर एक लहानसें नळकांडें बसवितात. त्यांतून पाहणाऱ्यास दोन रेषा दिसतात. डोळा निर्दोष असेल, तर त्या एकमेकींवर बसतात. सदोष असेल, तर अलग दिसतात. पाहणारा कळ दाबून त्या जुळवितो. त्या किती सरकवाव्या लागल्या, यावरून नंबर निघतो. अशा रीतीनें रुग्ण स्वतःच मापारी होतो.

याच प्रयोगशाळेंत 2011 च्या सुमारास प्रकाशाचा प्रवास टिपणारा कॅमेराही सिद्ध झाला. सेकंदास सुमारें 1 लक्ष कोटि चित्रें, हा त्याचा वेग. मात्र हें एका झोतांत होत नाहीं. तोच झोत पुनःपुन्हा सोडून चित्रें जुळवावीं लागतात. वैद्यकास त्याचें महत्त्व असें: विजेरीवर तळहात ठेवला, तर प्रकाश आरपार येतो, पण हाड स्पष्ट दिसत नाहीं, कारण मांसांत किरण दुधांतल्यासारखे विखुरतात. कोणता किरण केव्हां पोहोंचला हें कळलें, तर तो कोणत्या वाटेनें आला याचा गणितानें अदमास बांधतां येतो. क्ष-किरणांवांचून शरीराच्या आंत पाहण्याची आशा यांत आहे. या व इतर शोधांबद्दल रासकरांस 2016 सालीं 5 लक्ष डॉलरांचें लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक मिळालें.

तथापि साधनाकडून नको ती अपेक्षा करूं नये. रेषा जुळविण्यास समज व धीर लागतो. तो अगदीं लहान मुलापाशीं नसतो. मोतीबिंदु, काचबिंदु यांसाठीं डॉक्टरांचीच तपासणी हवी. शिवाय नंबर कळला म्हणजे चष्मा हातीं आला, असेंही नव्हे.

पण पहिली पायरी घरीं चढतां येते. मुलाचा एकेक डोळा झांकून दुसऱ्यानें भिंतीवरचें कॅलेंडर वाचावयास सांगा. जें तुम्हांस सहज वाचतां येतें, तेथें तें अडखळलें, तर डॉक्टरांकडे न्या. मीं हें केलें असतें, तर त्या पोराचीं दोन वर्षें वांचलीं असतीं.