खेळातली ‘बाधा’ आणि मोहाचा हिशेब

वसई, प्रतिनिधी

वसईचा किल्ला, अमावास्येची रात्र. तटाखालच्या भुयारात चार साहसवीर अडकले आहेत. एक सोबती जखमी आहे, मशाल विझत आली आहे. इतक्यात पुरलेल्या ठेव्यावर बसलेला समंध बोलतो, ‘अंधारात दिसेल अशी नजर देतो, फक्त हो म्हण.’ टेबलाभोवती बसलेला एक खेळाडू क्षणभर थबकतो, पेन्सिल उचलतो आणि आपल्या कागदावर एक खूण करतो. त्याच्या पात्राला बाधा झालेली असते.

हा प्रसंग कल्पित आहे. मात्र ‘रोलप्लेइंग’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या टेबलावरच्या भूमिका-खेळांत असे प्रसंग नित्य घडतात आणि त्यांच्यासाठी नियमांची स्वतंत्र पुस्तकेही निघाली आहेत.

खेळ कसा चालतो?

या प्रकारातला पहिला प्रसिद्ध खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. त्यात सोंगट्या पुढे सरकवून जिंकायचे नसते. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी काय करतो’ ते सांगतात. यश-अपयश फाशांवर ठरते. पात्राचे बळ, बुद्धी, जखमा यांची नोंद प्रत्येकाच्या कागदावर असते.

जखम औषधाने किंवा मंत्राने बरी होते. बाधेचे तसे नसते. परलोकातल्या किंवा पाताळातल्या शक्तीचा स्पर्श पात्राला आतून बदलतो, ही तिच्यामागची कल्पना. हे नियम बहुधा वैकल्पिक असतात. सूत्रधार आणि खेळाडू यांचे एकमत असेल तरच ते वापरायचे.

देणगी आणि डाग

‘पाथफाइंडर’ या खेळाच्या २०१६ मधील ‘हॉरर ॲडव्हेंचर्स’ या पुस्तकात ही रचना स्पष्ट दिसते. बाधा वाढते तसतशी पात्राला एक देणगी मिळते आणि तिच्याबरोबर एक डागही लागतो. वसईच्या भुयारातल्या पात्राचेच उदाहरण घेऊ. त्याला अंधारात पुरलेले धन दिसू लागेल, ही देणगी. पण एकदा हातात आलेली वस्तू दुसऱ्याला देताना त्याची मूठ उघडणार नाही, हा डाग. सोबत्याला औषध द्यायचे आहे आणि मूठ मिटलेलीच आहे! या पुस्तकातल्या नियमांनुसार बाधा तिसऱ्या टप्प्याला पोहोचली, की ते पात्र खेळाडूच्या हातून जाते आणि सूत्रधाराच्या ताब्यात येते.

कल्पना मात्र जुनी आहे. १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुल्हू’मध्ये पात्राच्या मानसिक संतुलनाचे गुण असतात. निषिद्ध ज्ञान जितके वाढेल, तितकी त्या गुणांची कमाल मर्यादा खाली येते. १९९० च्या ‘रेव्हनलॉफ्ट’मध्ये दुष्कृत्य केले, की अज्ञात शक्तींचे लक्ष जाण्याची शक्यता फाशांनी तपासतात, ते गेले तर वर आणि शाप एकत्रच मिळतात. २००६ च्या ‘हीरोज ऑफ हॉरर’ने शरीराला लागणारी कीड आणि मनाला लागणारी कीड असे दोन वेगळे हिशेब ठेवले.

मोक्षपटापासून ‘तुंबाड’पर्यंत

मराठी वाचकाला यात फारसे परके काही वाटू नये. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट परंपरेने संत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. त्याच्या शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. कवड्यांचे दान पडेल तसा खेळाडू वर चढायचा किंवा गिळला जायचा. मात्र तेथे क्रोधाच्या किंवा लोभाच्या तोंडी जाणे दानावर अवलंबून होते. भूमिका-खेळातल्या बाधेत साप समोर दिसत असतो आणि खेळाडू अनेकदा समजून-उमजून त्याच्या तोंडात हात घालतो. दान नंतर पडते, निवड आधी होते. या नियमांचे खरे बळ येथेच आहे.

राही अनिल बर्वे यांच्या २०१८ मधील ‘तुंबाड’ चित्रपटाने हेच सूत्र कोकणच्या मातीत मांडले. हस्तरच्या कमरेच्या सोन्यासाठी विनायक पुन:पुन्हा त्या गर्भात उतरतो. हस्तरचा स्पर्श झालेल्या माणसाची काय गत होते, हे त्याने लहानपणीच पाहिलेले असते. तरीही तो उतरतो. नियमपुस्तकाच्या भाषेत सांगायचे, तर देणगी हातात असते आणि डाग पुढच्या पिढीच्या कागदावर उमटू लागतो.

खेळ आणि वास्तव

‘बाधा’ हा शब्द महाराष्ट्रात मात्र केवळ खेळाचा नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसांना साखळीने बांधणे, काठीने किंवा चाबकाने मारणे हे प्रकार राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. त्यांच्या हत्येनंतर तो आधी वटहुकमाच्या रूपाने आला. मानसिक आजाराला ‘बाहेरचे’ समजून रुग्णाला छळणे आणि टेबलावर चौघांनी संमतीने रंगवलेली कथा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरीही वेड लागणे हा गमतीचा विषय करणाऱ्या जुन्या नियमांवर खेळाडूंच्या वर्तुळातूनच टीका झाली, ती योग्यच म्हणावी लागेल.

म्हणूनच जाणते सूत्रधार खेळ सुरू होण्याआधी सर्वांना विचारतात : कोणता विषय नको? कुठे थांबायचे? काही ठिकाणी टेबलावर फुली काढलेले एक कार्ड ठेवतात. कोणीही त्याला स्पर्श केला, की तो प्रसंग कारण न विचारता तेथेच सोडून द्यायचा. ज्याच्या पात्राला बाधा होणार, त्या खेळाडूची संमती आधी, भीती नंतर.

एवढी काळजी घेतली, तर हा नियम चांगल्या भयकथेचे काम करतो. खेळ संपल्यावर किल्ल्यातले भुयार विरते, समंधही विरतो. कागदावरची पेन्सिलीची खूण खोडरबराने पुसता येते. ‘हो म्हणताना आपल्याला किती वेळ लागला?’ हा प्रश्न मात्र खेळाडूबरोबर घरापर्यंत येतो.